एका दिवसात समुद्रकाठचं शहर गाठून परत: बेत तपासून हवाय

पायवाट (धागाकर्ती)

येत्या रविवारी गाडीने समुद्रकाठच्या एका शहरात जाऊन त्याच रात्री परतायचं आहे. मुक्काम नाही. माहिती देते:

अंतर एका बाजूने १९० किमी, नकाशा साडेतीन तास दाखवतो. शहर आमच्या पश्चिमेला. पेट्रोलवरची सेडान. चार मोठी माणसं आणि सहा वर्षांची मुलगी. चालवणारे दोघं, पण त्यातल्या एकाला अंधारात चालवायची सवय नाही.

डोक्यातला बेत: पहाटे ३ ला निघणं, ६:३० ला किनाऱ्यावर सूर्योदय, मग बंदर, ११ ला दीपगृह (छोट्या बेटावर आहे, खडकांतून चालत जायची वाट), जेवण, संग्रहालय, जुनं शहर, दुसरा किनारा, ६:४२ चा सूर्यास्त, सातला परत, साडेदहाला घर.

त्या दिवशीचं भरती-ओहोटीचं कोष्टक: ओहोटी ५:५५ (०.६ मी.), भरती १२:१० (४.१ मी.), ओहोटी १८:२० (०.६ मी.). दीपगृहाच्या वाटेबद्दल एवढंच दिलंय की पाणी १.८ मीटरच्या खाली असेल तेव्हाच ती उघडी असते.

काय चुकतंय आणि काय राहिलंय?

किनारखूण

पायवाट, आधी ११ चं दीपगृह खोडा. त्या वेळी वाटेवर माणूस बुडेल इतकं पाणी असेल. हिशेब देतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच करता येईल.

भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. खलाशी बाराव्या भागाचा आडाखा वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंत एकूण जो चढ आहे त्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात १ भाग चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. लोक अडकतात ते इथेच. पहिल्या तासात पाणी जेमतेम हललेलं दिसतं, 'अजून वेळ आहे' असं वाटतं आणि तिसऱ्या तासात ते एकदम अंगावर येतं.

तुमचा चढ ४.१ उणे ०.६, म्हणजे ३.५ मीटर. एक भाग साधारण २९ सेंमी. ओहोटीनंतर पहिला तास सरताना पाणी ०.९ मीटरच्या आसपास, दुसरा सरताना दीड मीटर, आणि तिसऱ्या एकट्या तासात ८७ सेंमी. १.८ ची रेघ सकाळी ८:२० च्या सुमारास ओलांडली जाते. ११ वाजता पाणी साधारण ३.७ मीटर. वाट १.८ ला बुडते असं धरलं तर तिच्यावर जवळजवळ १.९ मीटर पाणी.

दुपारी हेच उलट्या क्रमाने. १८:२० च्या ओहोटीआधी सुमारे अडीच तास, म्हणजे ३:५० ला वाट उघडायला लागते. वारा समुद्राकडून जोरात असेल किंवा हवेचा दाब उतरलेला असेल तर पाणी कोष्टकापेक्षा वर राहतं (दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की साधारण १ सेंमी), म्हणून ४:१५ धरा. आणि दुपारीच जा. उतरत्या पाण्यामागून गेलात आणि हिशेब चुकला तर थोडं ताटकळावं लागेल, बस. चढत्या पाण्यापुढून गेलात आणि चुकलात तर बेटावर साडेसात तास.

वाट पक्की बांधलेली असली म्हणून हे बदलत नाही. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ता डांबरी आहे, सुरक्षित वेळा रस्त्यालगत लावलेल्या आहेत, तरीही तिथे गाड्या अडकतात. वाटेत खांबांवर उभारलेली एक खोलीच आहे, अडकलेल्यांनी चढून बसण्यासाठी. फ्रान्समधला पासाज द्यू ग्वा हा ओहोटीत उघडा पडणारा रस्ता चार किलोमीटरहून लांब, त्यावरही चढून बसायला उंच खांब ठेवावे लागलेत.

लिंबूटिंबू

पश्चिमेच्या किनाऱ्यावर सूर्योदय बघायला पहाटे तीनला? तो तुमच्या पाठीमागून, इमारतींच्या वरून उगवेल हो. :)

पायवाट

अरे देवा. बरोबर आहे. सूर्योदय गेला, अकराचं दीपगृह गेलं. मग पहाटे तीनला निघण्यात काही अर्थ उरतो का?

मधलीलेन

उरत नाही, आणि तीन वाजता निघण्याला मुळातच माझा विरोध आहे.

असा बेत सकाळकडून संध्याकाळकडे आखला की नेहमी फसतो. घरी किती वाजता गाडी लागली पाहिजे तिथून मागे मोजत या. मग भरतीचं कोष्टक त्यावर ठेवा. बघायच्या ठिकाणांची यादी शेवटी, उरलेल्या फटीत.

तीनला निघायचं तर चालवणारा दोनला उठणार. सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतक्या मंदावतात, हे प्रयोगांत मोजलेलं आहे; बऱ्याच देशांत तीच गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. दोन अधिक सतरा म्हणजे संध्याकाळचे सात. म्हणजे परतीची गाडी तुम्ही सुरू करणार तीच या अवस्थेत, वर साडेतीन तास अंधार. शिवाय पहाटे २ ते ६ ही शरीराची सर्वांत जास्त झोप मागणारी वेळ. १०० च्या वेगाने चार सेकंद डोळा लागला तर गाडी शंभर मीटरहून जास्त अंतर स्वतःच्या मर्जीने जाते.

आता मागे मोजा. चालवणारा ४:४५ ला उठला तर सतरा तास संपतात ९:४५ ला. रात्री ९:४० ला घर. त्यातून साडेतीन तास चालवणं, २५ मिनिटं थांबा, १५ मिनिटं त्या शहरातून बाहेर पडायला. परतीची वेळ येते ५:३०. सकाळी ५:३० ला निघालात, सव्वासातच्या सुमारास २० मिनिटं थांबलात आणि शहरात शिरून पार्किंग शोधायला २० मिनिटं धरली तर ९:४० ला तिथे. हातात आठ तासांना दहा मिनिटं कमी. एका दिवसाला ते पुष्कळ झाले.

वेगाने वेळ भरून काढू असं कोणी म्हणालं तर नकाशाकडे बोट दाखवा. १९० किमीला साडेतीन तास म्हणजे सरासरी ५४. वेळ जातो तो गावं, वळणं आणि फाट्यांवर. मोकळा रस्ता समजा ६० किमी आहे आणि तिथे ९० ऐवजी १०० ने गेलात, तर वाचतात चार मिनिटं. पार्किंगच्या पावतीला तेवढी जातात.

पायवाट

म्हणजे सूर्यास्तही नाही? सगळ्यांचा जीव त्यात अडकलाय.

मधलीलेन

एका दिवसाच्या फेरीत किनाऱ्यावरचा सूर्यास्त हीच सगळ्यात महाग गोष्ट. ६:४२ ला सूर्य बुडतो, आणि किनाऱ्यावरची झाडून सगळी माणसं ६:४५ ला एकाच वेळी किल्ली फिरवतात. पार्किंगच्या तोंडाशी अडकणं, मग शहराबाहेरच्या पहिल्या चौकात, मग पेट्रोल पंपावर. तासभर तिथेच जातो. साडेपाचला निघालात तर ही गर्दी तुमच्या मागे राहते.

दुसरा फायदा म्हणजे तुमचा दुसरा चालक. त्याला अंधार चालत नाही ना? मग ५:३० ते ७ तो चालवेल. उजेड असतो, सूर्यास्तानंतरही वीसेक मिनिटं रस्ता नीट दिसतो. सातला २५ मिनिटं थांबा, चालक बदला. अंधारात चालवणाऱ्याने दुपारी वीस मिनिटं झोप काढलेली असली पाहिजे. ही झोप अडीच-तीनला, शरीर दुपारी आपोआप मंदावतं तेव्हा घ्यावी. आडवं व्हायच्या आधी कॉफी घेतली तर ती भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे उठताना बरोबर लागू पडते. वीस मिनिटांच्या वर झोपू नका, नाहीतर उठल्यावर अर्धा तास जड जातं.

सूर्यास्त वाटेत कुठल्याशा उंचवट्यावरून पाठीमागे वळून बघा. गाडी रस्त्याच्या कडेला नको, नीट थांब्यावर लावून.

स्टेपनी

शहर पश्चिमेला असल्याचा फायदा कोणी सांगितला नाही. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी, संध्याकाळी पूर्वेकडे येतानाही पाठीशी. पूर्वेकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्यांच्या दोन्ही वेळा डोळ्यांत. पण यात एक मेख आहे. संध्याकाळी तुम्हाला सगळं लख्ख दिसतं आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असतं, तुमची गाडी त्याला काळ्या ठिपक्यासारखी. साडेपाचपासूनच लो बीम लावून ठेवा आणि समोरचा तुम्हाला पाहतोय असं गृहीत धरून ओव्हरटेक करू नका.

आता गाडी. तपासणी शुक्रवारी करा, रविवारी पहाटे काही सापडलं तर दुकान उघडं नसतं.

हवा गार टायरमध्ये भरायची. ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि भरल्या गाडीचा. तुम्ही पाच जण आणि सामान, म्हणजे भरल्या गाडीचा आकडा. बहुतेक जण वर्षभर पहिल्याच आकड्यावर चालवतात. रस्त्यात टायर तापला की मीटरवर ३ ते ५ पीएसआय जास्त दिसतात, ते बघून हवा सोडू नका. गार झाल्यावर टायर मऊ पडेल, आणि मऊ टायर कडेला वाकत राहून जास्त तापतो. टायर फुटतात ते बहुधा या कारणाने.

स्टेपनीची हवाही बघा. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला साध्या टायरपेक्षा खूप जास्त हवा लागते, बहुधा ६० पीएसआय, आणि वेग ८० च्या आत. जॅक आणि पान्हा आहे का एवढ्यावर थांबू नका. अलॉय चाकांना चोरीपासून बचावाचा लॉक नट असेल तर त्याची वेगळी चावी लागते. ती सर्व्हिसिंगच्या वेळी काढली जाते आणि कधी गॅरेजच्या ट्रेमध्येच राहते. ती नसेल तर जॅक, पान्हा, स्टेपनी सगळं असून चाक निघत नाही. आत्ता उठून डिकीत बघा.

कूलंट इंजिन गार असताना. वॉशरची बाटली काठोकाठ. किनाऱ्याजवळ उभ्या गाडीच्या काचेवर खारट तुषारांचा थर बसतो. संध्याकाळी त्यावर कोरडा वायपर फिरवला की काच दुधाळ होते आणि समोरचे दिवे फुटून पसरतात. आधी पाणी मारा, मगच वायपर.

पेट्रोल आदल्या संध्याकाळी. ३८० अधिक तिथलं फिरणं २०, म्हणजे ४०० किमी. लिटरला १५ धरले तर २७ लिटर. भरलेल्या टाकीत जाऊन-येऊन होतं. तिथल्या पंपावर संध्याकाळी रांग लावायचं कारण नाही.

रेतीघड्याळ

गाडी वाळूत न्यायची का? आमच्याकडे दोन मतं आहेत. एक पक्ष म्हणतो टायरची हवा कमी केली की साधी गाडीही जाते.

स्टेपनी

न्यायची नाही. हवा १५ ते १८ पीएसआयवर आणली की टायर लांबट पसरतो आणि वाळूवर वजन वाटलं जातं, हे खरं. पण त्यासाठी परत हवा भरायचा कंप्रेसर जवळ हवा, नाहीतर त्याच टायरवर रस्त्याला लागाल आणि रिमवरून टायर सुटेल. आणि सेडानचं पोट खाली असतं. चाक थोडं रुतलं की पोट वाळूवर टेकतं, मग चाकांवर वजनच राहत नाही.

चुकून रुतलीच तर पहिल्याच क्षणी अॅक्सिलरेटर सोडा. चाक जागच्या जागी फिरलं की दर सेकंदाला खड्डा खोल होतो. सगळ्यांना उतरवा, चाकांच्या मागची आणि पुढची वाळू हाताने काढा, पोटाखालचीही. पायपुसणी चाकाखाली सारा, आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहू नका, पायपुसणी गोळीसारखी उडते.

किनारखूण

यात भर. किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत गाडी लावताना वाळलेलं शेवाळ, काटक्या आणि कचऱ्याची आडवी रेघ शोधा. शेवटची भरती तिथवर आली होती. गाडी त्या रेघेच्या वर. पण अमावास्या-पौर्णिमा जवळ येत असेल तर भरती भांगाकडून (सर्वांत लहान भरती) उधाणाकडे (सर्वांत मोठी) जात असते आणि ही रेघ रोज वर सरकते. कालची रेघ आज पुरत नाही. सकाळी वाळूच्या काठाशी लावलेली गाडी, १२:१० ची भरती आणि सगळे संग्रहालयात. टो करणाऱ्याची वाट बघणाऱ्या बऱ्याच गाड्यांची गोष्ट एवढीच असते.

कोणी तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढत असेल तर तो आडाखा सगळ्या किनाऱ्यांना लागू नाही. चंद्र डोक्यावर आल्यानंतर पाणी चढायला किती वेळ घेतं ते प्रत्येक बंदराचं निराळं. काही किनाऱ्यांना दिवसात एकच भरती, भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी जेमतेम वीत-दोन वीत, आणि कॅनडात फंडीच्या आखातात १६ मीटरपर्यंत. त्या बंदराचं, त्या तारखेचं छापील कोष्टक घ्या. आजचं कोष्टक उद्याला वापरायचं तर साधारण ५० मिनिटं पुढे सरकवा, पण जिवाशी गाठ असलेल्या वाटेला तो अंदाज नको.

विजेरी

इलेक्ट्रिक गाडीने जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. शहरात पोचून चार्ज करू असा बेत नको, संध्याकाळी तिथे सगळ्यांची एकच रांग. जाताना वाटेत ८० टक्क्यांपर्यंत भरा (त्याच्या वर वेग खूप मंदावतो) आणि दिवसभर गाडी जिथे उभी राहणार तिथे ७ किलोवॅटचा साधा चार्जर मिळतोय का बघा. सात तासांत पन्नासेक युनिट येतात, परतीची चिंता मिटते. घराजवळच मोठा उतार असेल तर १०० टक्के भरून निघू नका, भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज परत घ्यायला जागा नसते आणि ब्रेक तापतात.

सावली

उन्हाचं आणि पाण्याचं बोलू.

पाण्यात उतरायची वेळ तुमच्यासाठी ९:४५ ते ११:३०. पाणी चढतं असतं, ऊन अजून माथ्यावर नसतं. मग ११:३० ते ३ सावलीत: आंघोळ, जेवण, संग्रहालय, डुलकी. स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड झाली की उघड्यावर बसायची वेळ संपली असं समजा. जीवरक्षक किती वाजल्यापासून असतात ते मात्र आधी विचारा, त्यांच्या आधी पाण्यात जाऊ नका.

सनस्क्रीनच्या बाबतीत सगळे एकच चूक करतात, प्रमाणाची. बाटलीवरचा एसपीएफ दर चौरस सेंमीला २ मिलिग्रॅम थर लावून मोजलेला असतो. मोठ्या माणसाच्या सगळ्या उघड्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं. चौघांना एकदा लावायला १२० मिली. ५० मिलीची ट्यूब पाच जणांत पुरवली तर एसपीएफ ५० लिहिलेलं असलं तरी अंगावर त्यातलं थोडंच काम करतं. निघायच्या आधी नको, पोचायच्या वीस मिनिटं आधी गाडीत लावा, आणि दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून आल्यावर पुन्हा. छत्रीखाली बसूनही अंग भाजतं, कारण कोरडी वाळू १५ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकते आणि लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. मुलीला पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा घाला, निम्मं सनस्क्रीन वाचेल.

गाडीत कोणालाही ठेवून 'आलेच' म्हणू नका. उन्हात उभ्या गाडीचं तापमान पहिल्या अर्ध्या तासात १५ ते २० अंशांनी चढतं, काच दोन बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

झेंडे: अर्धा लाल अर्धा पिवळा असे दोन झेंडे, त्यांच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकांचं लक्ष. नुसता पिवळा म्हणजे जपून. नुसता लाल म्हणजे उतरायचं नाही. जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे. डंख झालाच तर वाळूने चोळायचं नाही, साध्या पाण्याने धुवायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुऊन जीवरक्षकाकडे. व्हिनेगर काही जातींना लागू आहे, काहींना उलटं पडतं, म्हणून तिथल्या माणसाला विचारूनच.

किनारखूण

झेंडे नसलेल्या ठिकाणी पाच मिनिटं उंचावर उभं राहून पाणी बघा. पांढऱ्या फुटत्या लाटांच्या दोन पट्ट्यांमध्ये एखादा गडद, सपाट पट्टा दिसेल, त्यावरून फेस आणि कचरा आत जाताना दिसेल. तो रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात ओढून नेणारा प्रवाह. लाटा नाहीत म्हणून नवख्याला तीच जागा पोरांना खेळवायला बरी वाटते. ओहोटीच्या वेळी त्याचा जोर बहुधा वाढतो, म्हणून तुम्ही सकाळी चढत्या पाण्यात उतरताय ते ठीक. ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्यातून बाहेर या आणि मग वळा. जमत नसेल तर तरंगत राहून हात वर.

पायवाट

मुलीला वळणांवर उलटी होते. आणि गाडीची किल्ली पाण्यात जाताना कुठे ठेवायची?

सावली

मागच्या सीटवर मध्ये, पुढचा रस्ता दिसेल अशी बसवा, तिची खुर्ची तिथे नीट अडकत असेल तर. मोबाईल, चित्रांचं पुस्तक पूर्ण बंद. डोळे स्थिर चित्र बघतात आणि कानातला तोल वळण सांगतो, त्या भांडणातून मळमळ येते. निघताना रिकामं पोट नको आणि तुडुंबही नको. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, वळणं सुरू व्हायच्या अर्धा ते एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली पोटात टिकत नाही. त्याच गोळ्या चालवणाऱ्याने घ्यायच्या नाहीत, बहुतेकींनी झोप येते.

स्टेपनी

रिमोटची किल्ली खाऱ्या पाण्यात गेली की संपली. एक जण आळीपाळीने किनाऱ्यावर बसणार हे उत्तम. नाहीतर घट्ट बंद होणारी पाणीरोधक पिशवी, आत किल्ली, आणि पिशवी गळ्यात. चाकावर ठेवायची जुनी युक्ती सगळ्यांना माहीत आहे, चोरालाही. बटणाच्या किल्लीच्या पोटात एक साधी पात्याची किल्ली दडवलेली असते. ती कशी निघते आणि दाराला कुठे लागते ते घरी एकदा करून बघा.

मुलीच्या खुर्चीचं बक्कल हेही बघा. ओल्या पोहायच्या कपड्यांतून वाळू त्यात जाते, मग ते दाबलं तरी 'कट्' आवाज येत नाही किंवा अर्धवट अडकतं. तेल सोडू नका. साध्या पाण्याने धुवा, बटण दाबत दाबत, आणि आवाज आला तरच निघा. खुर्चीवर आधी टॉवेल टाकला तर ही वेळ येत नाही.

पायवाट

सगळ्यांचे आभार. सुधारलेला बेत: ५:३० निघणं, ७:१५ थांबा, ९:४० पोचणं, ११:३० पर्यंत पाण्यात, मग आंघोळ-जेवण, संग्रहालय (रविवारी उघडं आहे, शेवटचा प्रवेश किती वाजता ते विचारते), २:४० ला चालकाची झोप, बाकीचे जुनं शहर, ४:१५ ला दीपगृहाची वाट, ५:२५ ला गाडीपाशी, ५:३० निघणं. बंदर आणि दुसरा किनारा काढून टाकला. लॉक नटची चावी डिकीत नव्हती, गॅरेजला फोन केलाय.

मधलीलेन

बेत बसला. फक्त शेवटची पाच मिनिटं खोटी आहेत. पाच माणसांना गाडीत बसायला, पाणी प्यायला, मुलीला बांधायला पंधरा मिनिटं लागतात. बेटावरून परत फिरायची वेळ ४:५५ ठरवा आणि तिचा गजर मोबाईलवर लावा. आणि संध्याकाळी पुन्हा पाण्यात जायचं नाही, नाहीतर कपडे बदलण्यात अर्धा तास जाईल. तिथला नकाशा आदल्या रात्री मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. नेटवर्क गेलं तरी जीपीएस चालतं, रस्ते मात्र आधी उतरवलेले असावे लागतात.

किनारखूण

त्या वाटेवर नुकतंच पाण्यातून निघालेलं हिरवं शेवाळ असणार. रबरी तळव्याचे, मागे पट्टा असलेले बूट घाला, साध्या चपला नकोत. हिरव्या दगडावर पाय न देता पांढरट, खरबरीत शिंपल्यांनी भरलेल्या दगडावर द्या.

स्टेपनी

आणि परतीला चालवणाऱ्याचे कोरडे बूट वेगळे. ओल्या तळव्याने क्लचवरून पाय सटकतो. ते डिकीत ठेवाल तर सामानाखाली जातील, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलेत तर ब्रेक दाबताना घरंगळत पेडलखाली येतील. मागच्या सीटच्या पायाशी पिशवीत ठेवा. सोमवारी गाडी धुताना वरून शॅम्पू लावण्याआधी पोटाखाली आणि चाकांच्या कमानींत साध्या पाण्याचा फवारा मारा, मीठ तिथे बसतं. सकाळी ब्रेकच्या डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका, दोन-तीन ब्रेक मारले की जातो.

पायवाट

नोंद केली. गॅरेजचा फोन आला, चावी त्यांच्या ट्रेमध्येच होती.